बाहेरून लावलेली खिडकी

ठाणे, ता. ४ नोव्हेंबर १८८८

चि. त्र्यंबक यास,

इथे आशीर्वाद लिहायचा असतो. तुला तो हवा आहे की नाही हे मला ठाऊक नाही, म्हणून एका ओळीची जागा कोरी सोडली आहे.

आज पाडवा. दर पाडव्याला तुला भुसावळच्या पत्त्यावर एक पत्र टाकतो, त्यातले हे दहावे. नवांना उत्तर आले नाही, तेव्हा दहाव्याला येईल अशी काही आशा नाही. पण या खेपेस माझे काम आहे. आमच्या शाळेत पुण्याहून नवे पुस्तक आले आहे. त्यात श्वासोच्छ्वासाचा धडा आहे, आणि डिसेंबरात डिपुटीसाहेब शाळा तपासायला येतील तेव्हा मुलांना नेमका तोच विचारणार, असे हेडमास्तरांनी बजावले आहे. आता मला गणित येते, मोडी येते, थोडे व्याकरण येते. फुप्फुसे मी कुठे पाहिली आहेत? तू मुंबईला डॉक्टरीच्या वर्गात दोन वर्षे काढलीस. तो वर्ग सोडून स्टेशनावर तिकिटे फाडायला गेलास ही गोष्ट निराळी, पण शिकलेले काही लगेच विसरत नाही माणूस.

पुस्तकात म्हटले आहे की, बसलेला निरोगी मनुष्य एका मिनिटात सोळा ते अठरा वेळा श्वास घेतो. मी घड्याळ समोर ठेवून मोजले. माझे अकरा भरले. हे रोजच्या प्राणायामामुळे की वयामुळे? मुंज झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ नाक धरून बसतो. पण नाकातून आत जाते ते काय, पुढे त्याचे होते काय, हे चाळीस वर्षांत एकदाही मनात आले नाही.

धड्यात चांगला श्वास कसा घ्यावा तेही दिले आहे. तोंड मिटून, नाकाने, सावकाश. छाती फुगवायची नाही, पोट हलले पाहिजे. फुप्फुसांखाली एक पडदा आहे, तो खाली सरला की हवा आपोआप आत येते. हे पटेना, म्हणून मथूला उताणी निजवली आणि तिच्या पोटावर तिचीच पाटी ठेवली. पाटी वर, पाटी खाली. मथू हसायला लागली आणि पाटी घरंगळली, तिचा कोपरा उडाला. तुझी मुलगी हसली म्हणजे घर भरते. तिला पौषात दहा पुरी होतील. स्थळे येऊ लागली आहेत, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, मुलीचे वडील कुठे असतात?

बाकी ठीक. आईचे गुडघे दुखतात, जीभ ठणठणीत आहे. तुझी वहिनी जाऊन चार वर्षे झाली, ते लिहिले होतेच. माझी प्रमी पहिलटकरीण, बाळंतपणाला आली आहे. डिसेंबराच्या अखेरीस दिवस भरतील. आईने मागली खोली सारवून घेतली. तीच खोली.

धड्याविषयी कळव.

हरिहर


ठाणे, ता. २५ नोव्हेंबर १८८८

चि. त्र्यंबक,

वरची ओळ पुन्हा कोरी आहे.

तुझे उत्तर नाही, म्हणून धडा माझा मीच शिकवला. पुस्तकात एक प्रयोग आहे. चुन्याची निवळी पेल्यात घ्यायची आणि नळीने तिच्यात फुंकायचे. नळी कुठली आणायची? पोपईच्या पानाचे देठ कापून दिले. पंचवीस पोरे पंचवीस पेल्यांत फुंकत बसली, वर्गात नुसता बुडबुड आवाज. सहदेव म्हणून एक द्वाड आहे, त्याने निवळी पिऊनच पाहिली. थोड्या वेळाने सगळ्यांचे पाणी दुधासारखे झाले. आत घेतलेली हवा आणि बाहेर टाकलेली हवा एक नव्हे, हे त्यावरून सिद्ध होते. आपण टाकलेली हवाच पुन्हा पुन्हा घेत बसलो तर डोके जड होते, म्हणून निजण्याच्या खोलीची खिडकी उघडी असावी.

हे वाक्य मी मोठ्याने वाचले आणि थांबलो. तू हेच वाक्य आपल्या अंगणात उभे राहून आईला सांगत होतास. तुझ्या हातात सांडशी होती. मागल्या खोलीच्या खिडकीवर मारलेल्या फळ्या तू तिने उपटून काढल्या होत्यास. तुझ्या गोदाला नववा सरत आला होता. तिला माहेर नव्हते, म्हणून बाळंतपण आपल्याकडे. आई म्हणत होती, ओल्या बाळंतिणीला वारा लागला की संपलेच. तू म्हणालास, वाऱ्याने कोणी मरत नाही. मग आगगाडीची वेळ झाली आणि तू मुंबईला गेलास.

धड्याचा शेवटचा परिच्छेद मी वर्गात वाचलाच नाही. घंटा झाली असे सांगून पोरांना सोडले. घंटा झाली नव्हती. त्यात लिहिले आहे की, बंद जागेत कोळशांची शेगडी ठेवू नये. धूर नसला तरी त्यातून एक वायु निघतो, त्याला वास नाही. मनुष्यास ग्लानी येते, हातापायांतली शक्ती जाते, आणि तो निजल्या जागी मरतो.

परवा आवडाबाई आली होती. कळव्याची सुईण, तुला आठवत असेल. मथूला तिनेच न्हाऊमाखू घातले. प्रमीचे पोट पाहून गेली. जाताना ओटीवर तंबाखू मळत बसली. मी सहज विचारले, गोदा गेली तेव्हा तुम्ही तिला शेवटचे न्हाऊ घातलेत, कशी दिसत होती? म्हणाली, "मास्तर, बाय लाल व्हती. मेलेला मानूस पांडरा होतं, नायतं कालं परतं. ही आताच न्हालीय असी लाल. मी तवांच बोल्ले व्हते, कोन आयकतंय सुईनीचं?"

खरे आहे. ती बोलली होती आणि कोणी ऐकले नव्हते.

मला फक्त एवढे कळव. कोळशाच्या वायूने मेलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो? पुस्तकात ते दिलेले नाही. तुला ठाऊक असेल.

हरिहर


ठाणे, ता. ९ डिसेंबर १८८८

त्र्यंबक,

आज रविवार आहे. तोही रविवार होता. आता सगळे ओळीने लिहितो.

तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी गोदा सुटली, मथू झाली. सात दिवस खिडकी तुझ्या म्हणण्याप्रमाणे उघडी होती. सातव्या दिवशी संध्याकाळी ती दोनदा खोकली. आठव्या दिवशी सकाळी आई शेगडीत कोळसे फुलवून आत ठेवून आली आणि मला म्हणाली, "हरी, ती मेली खिडकी लाव. त्या पोराचं ऐकून मला सून घालवायची नाही." तुझी वहिनी भावाच्या दुखण्यापायी कल्याणास गेली होती. सोयर असल्यामुळे मला आत जाता येत नव्हते, आणि सोयर नसते तरी धाकट्या भावाच्या बायकोच्या खोलीत मी गेलो नसतो. म्हणून मी परसातून गेलो, आत नजर जाऊ नये म्हणून मान वळवली, आणि खिडकीची दारे बाहेरून ओढून घेतली. कडी नव्हती. तूच उपटलेली एक फळी आडवी ठोकली. चार खिळे मारले. आईने मांजर शिरू नये म्हणून दाराला बाहेरून कडी घातली आणि ती देवळात कीर्तनाला गेली.

आवडाबाईने मथूला आधीच बाहेर आणले होते. न्हाणे, धुरी, मग पुढल्या अंगणात उन्हात मांडीवर घेऊन बसणे. थंडी होती, पोर उबेला निजली, म्हणून तिने तिला उठवले नाही. म्हणून तुझी मुलगी जिवंत आहे. दहा वर्षे मी स्वतःला हे विचारले नाही की, सात दिवस तोच वारा आठ दिवसांच्या पोरीला कसा बाधला नाही.

मी मागल्या ओटीवर मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो. माझ्यापासून ती खिडकी चार हातांवर. तासा-दीडतासाने आतून बांगड्या वाजल्या. खिडकीच्या दारावर तीन वेळा. तुला ठाऊक आहे, लग्न होऊन आल्यापासून गोदा माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. बोलायची रीतच नव्हती. काही हवे असले तर आईला सांगायची, आई नसली तर दाराआडून बांगड्या वाजवायची आणि तुझी वहिनी उठून जायची. त्या दिवशी उठून जायला जवळ कोणी नव्हते. बांगड्या पुन्हा वाजल्या.

मी खाकरलो.

मी बाहेर बसलो आहे हे तिला कळावे, म्हणून. घरातला वडील पुरुष जवळ आहे, सुनेने मागे सरावे, म्हणून आपण खाकरतो तसा. बाबा खाकरत, मीही खाकरतो. बांगड्या थांबल्या. मला वाटले, सरली मागे. सुनेला समज आहे असेही मनात आले. मी पुढली वही घेतली. गुणाकाराची होती.

आई बाराला आली. तिने कडी काढली.

मी तुला त्याच दिवशी पत्र लिहिले. "तुझ्या हट्टाने घात केला, तुझ्या उघड्या खिडकीतून वारा शिरला आणि ती गेली." ती लावलेली होती हे मी लिहिले नाही. मनाशी हिशेब केला की सात दिवस उघडी होती, वारा त्या सात दिवसांतच शिरला असणार. हे मी अगदी खोटे म्हणून लिहिले असे नाही, आणि खरे म्हणूनही नाही. कोणाच्या तरी अंगावर टाकायचे होते, आणि तू समोर नव्हतास. तू दहाव्याला आलास, बाराव्याला गेलास. खिडकीकडे पाहिलेसही नाहीस. मी तुझ्या येण्याआधीच खिळे काढून ठेवले होते.

तुझ्या खिडकीने गोदाला मारले नाही. माझ्या फळीने आणि आमच्या शेगडीने मारले. तू वर्ग सोडलास तो माझ्या पत्रावरून. डॉक्टर व्हायचा तो माणूस दहा वर्षे तिकिटे फाडतो आहे, तेही माझ्या पत्रावरून.

मला याची लाज वाटते. त्याहून जास्त काही वाटत नाही, हे तुला सांगितले पाहिजे. तेव्हाही रडू आले नव्हते. पाय मुंग्या येऊन बधिर झाला म्हणजे आपण त्याच्यावर चापट्या मारतो ना, तशी मी स्वतःवर ही वाक्ये मारून पाहतो आहे.

आता पुढचे. प्रमी त्याच खोलीत बाळंत होणार. आईने कोळशाचे पोते आणून ठेवले आहे आणि खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या आहेत. एका वाक्यात हे थांबवता येईल. पण ते वाक्य म्हणायचे म्हणजे, पंचाहत्तर वर्षांच्या म्हातारीला सांगायचे की तुझी सून तुझ्या हाताच्या शेगडीने गेली. मी रोज ठरवतो. रोज ती माझ्या ताटात तूप वाढते आणि मी जेवतो.

हरिहर

ता. १९. हे पत्र दहा दिवस माझ्या पगडीच्या पेटीत पडून होते. डिपुटीसाहेब येऊन गेले. मुलांनी धडा घडाघडा म्हटला, मला शाबासकी मिळाली. साहेबांनी विचारले, शेगडीचा परिच्छेद शिकवला का? मी हो म्हणालो. तिथून तडक पोस्टात आलो आहे.


ठाणे, ता. २४ डिसेंबर १८८८

त्र्यंबक,

गुरुवारी पहाटे प्रमीला मुलगा झाला. आवडाबाई म्हणते, रडला नाही आधी. तिने उलटा धरून पाठीवर थापटला, तोंडात बोट घालून चिकटा काढला, तेव्हा पहिला श्वास घेतला. मी बाहेर होतो. ती रड ऐकून मला काही वाटायला हवे होते.

त्याच सकाळी शेगडी आत गेली. मी पाहिली. खिडकी बंद, दार लोटलेले. मी मागल्या ओटीवर जाऊन बसलो, त्याच जागी, आणि आईला काही बोललो नाही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तू म्हणशील, हा कसला बाप. आवडाबाई घटकाघटकेला आतबाहेर करते, दार उघडझाप होते, एवढ्या हवेवर भागेल, असे मी स्वतःला समजावत होतो. मास्तर माणूस, समजावण्यात तरबेज.

काल रविवार. आवडाबाई जेवायला होडीने कळव्यास गेली. आई स्वयंपाकघरात. मथू शेजारी गेलेली. घर शांत झाले आणि आतून बांगड्या वाजल्या.

माझ्या घशात खाकर आली. अगदी आपोआप, चाळीस वर्षांची सवय. ती तोंडाबाहेर पडायच्या आत मी गिळली. "प्रमे," मी हाक मारली. ओ नाही. पुन्हा हाक मारली. ती म्हणाली, "अण्णा, डोकं फार दुखतंय. पाणी."

मी सोवळे, सोयर सगळे बाजूला ठेवून आत गेलो. काळोखात काही दिसेना, आणि आत भट्टीसारखी धग. पोर तिच्या कुशीत निजलेले. त्याच्या नाकाशी बोट धरले. श्वास चालू होता. शेगडी दोन्ही हातांनी उचलली आणि अंगणात नेऊन पालथी केली. तळवे भाजले, ते संध्याकाळी कळले. मग खिडकीच्या चिंध्या ओढल्या, दारे उघडली आणि प्रमीला खिडकीशी टेकवून बसवली. "तोंड मीट. नाकाने घे. सावकाश. पोट हलू दे," असे म्हणत राहिलो. मला येते ते एवढेच. तिने घेतला. पुन्हा घेतला. मी तिच्या पोटावर डोळे लावून मोजत होतो. तीस होते, मग पंचवीस, मग वीस.

आई दारात येऊन ओरडायला लागली. "हरी, विटाळलास! बुद्धी फिरली का तुझी? वारा लागेल तिला, मेली तर..."

मी म्हणालो, "आई, गोदाला वारा नव्हता लागला. खिडकी मी लावली होती. कोळशांनी गेली ती."

"कुठले कोळसे?"

"शेगडीतले."

तिने माझ्याकडे पाहिले. शेगडी कोणी ठेवली होती हे तिने विचारले नाही. ती उंबऱ्यावर बसली. बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "दुखलं का रे तिला?"

"नाही. ग्लानी येते. झोप लागते."

बांगड्यांचे मी तिला सांगितले नाही. ते तुला सांगितले, तेवढे पुरे.

"हाक तरी मारायची होती पोरीनं," आई म्हणाली, आणि मग तिलाच घरची रीत आठवली असावी, ती उठून स्वयंपाकघरात गेली. रात्री जेवली नाही. आज सकाळी पाहतो तर खिडकी उघडीच, आणि आई आत खिडकीला पाठ लावून बसलेली, अंगावर दोन घोंगड्या. मी म्हटले, हे काय? म्हणाली, "उघडी राहू दे तुझी खिडकी. वारा आधी मला लागू दे."

दहाच्या सुमारास तुझी तार आली. इंग्रजीत होती, स्टेशनमास्तरांकडून वाचून घेतली. "शेगडी बाहेर काढा. खिडकी उघडा." पुढे काही नाही. मी त्यांना विचारले, आणखी काही आहे का? ते म्हणाले, एवढेच आहे. गोदाविषयी नाही, माझ्याविषयी नाही. बरोबर आहे. माझ्याविषयी लिहिण्यासारखे काय आहे? पण तारेतले ते बोलणे दहा वर्षांपूर्वीच्या अंगणातल्या माणसाचे होते, सांडशी घेऊन उभ्या असलेल्या. तो अजून आहे हे कळले. कळल्यावर मी स्टेशनच्या बाकावर बसलो आणि रडलो. लोक पाहत होते. पाहू देत.

मथूने विचारले, तार कोणाची? मी म्हटले, तुझ्या वडिलांची. तिने ती माझ्या हातातून घेतली. इंग्रजी एक अक्षर येत नाही, तरी उलटसुलट करून पाहिली, आणि कोपरा उडालेल्या त्या पाटीखाली ठेवून दिली आहे. परत मागितली तर देत नाही. तिला काय सांगायचे ते तू येऊन सांग, किंवा मला सांगायला सांग. मी सगळे सांगेन.

वरची ओळ अजून कोरी आहे. आता प्रश्न मला तो देण्याचा अधिकार आहे का, हा आहे. माझा आशीर्वाद तुला चालेल की नाही हे तू लिहिशील तेव्हा भरीन.

मी हे मागल्या ओटीवर बसून लिहितो आहे. तळव्यांना फडके बांधले आहे, म्हणून अक्षर असे. खिडकी चार हातांवर. प्रमी पोराला पाजताना कूस बदलते, बांगड्या वाजतात, आणि मी लेखणी ठेवून विचारतो, "काय गं?" ती म्हणते, "काही नाही, अण्णा." एवढ्यात पुन्हा वाजल्या की पुन्हा विचारतो. सकाळपासून वीस वेळा झाले असेल. ती वैतागली आहे.

आता पुन्हा वाजल्या. विचारून येतो.

हरिहर